धूमकालाचा डावा पाय

आमच्या भाऊजींच्या तोंडून निघणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "हरकत नाही". त्याच्यापुढे त्यांची जीभ वळतच नाही. लग्नाआधी मित्राने विचारलं होतं, "काय रे, मुलगी कशी वाटली?" तर म्हणाले, "हरकत नाही." ही बातमी ताईला लग्नानंतर दोन वर्षांनी कळली, आणि मग आठवडाभर त्या घरात भांडी जरा जोरातच आपटत होती. त्यांची एकुलती एक लेक, आमची ठकी, शाळेत पहिली आली तेव्हा निकालाचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही तपासलं, आणि म्हणाले, "हरकत नाही." मी तिथेच होते. मला असा राग आला की त्या पोरीला उचलून मी खाली माझ्या घरी नेलं आणि तिच्यासमोर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते, ते तिसऱ्यावर. पस्तीस वर्षं त्यांनी इस्पितळामागच्या वर्कशॉपमध्ये माणसांचे कृत्रिम पाय बनवले. प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून पाय घडवायचा, कानशीने घासायचा, बसवून बघायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा घासायचा. सगळे त्यांना पायवाले म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं असा माझा संशय आहे, कारण त्यावर त्यांची कधी हरकत आलेली नाही.

त्यांची तपासणीची एक तऱ्हा होती. पाय बसवलेल्या माणसाला ते बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारायला सांगायचे आणि स्वतः लाकडी पार्टिशनच्या अलीकडे डोळे मिटून बसायचे. नुसते ऐकायचे. "समोर उभं राहिलं की माणूस छाती काढून चालतो," ते म्हणायचे. "बरं वाटतंय असं दाखवतो. कानाला काही दाखवता येत नाही." पार्टिशनपलीकडून ते ओरडायचे, "उजवी टाच उशिरा टेकतेय, या आत!" आणि तो माणूस चकित होऊन आत यायचा. डॉक्टरसुद्धा त्यांच्या कानांना मानायचे.

भाऊजी स्वतः लंगडतात. आठव्या वर्षी भिंतीवरून पडले, हाड वेडंवाकडं जुळलं, डावा पाय अंगठ्याच्या रुंदीएवढा तोकडा राहिला. आता आम्हां घरच्यांच्या ते लक्षातही राहत नाही. दुसऱ्यांचे पाय सरळ करण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या बुटाला एक जाड तळ लावून घेतला नाही. विचारलं तर म्हणायचे, "माझं काय अडलंय?" दुसरी सवय म्हणजे दिवे विझवायची. कोणी खोलीतून उठलं रे उठलं की हे मागोमाग जाऊन बटण बंद करणार. न्हाणीघरात माणूस असताना दिवा घालवलाय त्यांनी. ताईच्या किंकाळ्या मी पहिल्या मजल्यावर ऐकल्या आहेत.

ठकी या माणसाच्या हाताखालीच शिकली. दहा-बारा वर्षांची असल्यापासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून मातीचे गुडघे, मातीचे घोटे बनवायची. भाऊजींनी मनात धरलं होतं की ही आपली कानस पुढे चालवणार. आणि तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, मला खेळण्यांच्या कंपनीत नोकरी लागलीय. सिनेमा-मालिकांतल्या पात्रांच्या संग्राह्य मूर्ती बनवतात तिथे. मोठी माणसं त्या विकत घेतात आणि कपाटात मांडून ठेवतात. भाऊजी एकच वाक्य बोलले: "बाहुलीला पाय नसला म्हणून बाहुलीचं काय अडतं?"

ठकीही त्यांचीच मुलगी. खाण तशी माती. ती म्हणाली, "बाबा, आयुष्यात कुणाच्या तरी कामाला चांगलं म्हणालात का?" आणि बॅग उचलून दूरच्या शहरात निघून गेली.

तेव्हापासून बापलेकीचा अबोला. म्हणजे बोलणं चालू होतं, पण ताईमार्फत. फोन स्पीकरवर. ठकी म्हणायची, "आई, बाबांना विचार, औषध घेतलं का." बाबा तिथेच हातभर अंतरावर बसलेले. ते म्हणायचे, "तिला सांग, घेतलं." ताई बिचारी दोन्हीकडे तेच वाक्य पुन्हा म्हणायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, तू मध्ये कशाला? त्यांना ऐकू येतंय ना एकमेकांचं!" तर दोघंही एकदम गप्प झाली. नाकावरच्या रागाला औषध काय?

पण गंमत पुढे आहे. ठकी गेली, त्यानंतर महिनाभरात भाऊजी निवृत्त झाले आणि एक दिवस कागदाच्या पिशवीत काहीतरी लपवत जिना चढताना मला दिसले. पिशवीतून एक प्लास्टिकचं डोकं बाहेर डोकावत होतं. "बघू तरी, काय बनवतात ते," एवढंच म्हणाले आणि वर गेले. त्या मूर्तीचे त्यांनी सगळे सांधे उघडले, पुन्हा जोडले, गुडघ्यात काय चुकलंय ते कागदावर लिहिलं आणि तो कागद दुकानदाराला नेऊन दिला.

हा दुकानदार म्हणजे खोकेवाला. चाळिशीचा, टकलू, फार मायाळू माणूस, पण त्याचा एक धर्म आहे: मूर्तीचं खोकं उघडायचं नाही. बंद खोकं म्हणजे सोनं, उघडलं की माती. भाऊजींचा धर्म उलटा: जे उघडलं नाही ते तपासलं नाही, आणि जे तपासलं नाही त्याबद्दल बोलायचं नाही. या दोघांची मैत्री कशी जमली देव जाणे. खोकेवाल्याने तो कागद वाचला आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइल आणि तिवई घेऊन वर हजर झाला. "पायवाले, तुम्ही हे कॅमेऱ्यासमोर बोला."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी अकरा वाजता भाऊजींच्या मागच्या खोलीतून लाइव्ह परीक्षण चालतं. खोली तीच, जिथे ते आता शेजारपाजारच्यांचे पाय दुरुस्त करून देतात. कामाचं लांब टेबल लाकडी पार्टिशनला टेकवलेलं, पार्टिशनपलीकडे ताईचा स्वयंपाकघराचा ओटा. भिंतीवर कानशी आणि चामड्याच्या पट्ट्या. आणि मध्ये हे, चष्मा कपाळावर, कुठल्यातरी परग्रहावरच्या योद्ध्याला पेशंटसारखं तपासत. "यांचं वय काय असेल? बरं. गुडघा नव्वदपर्यंत वाकतो, पुढे अडतो. मांडीचं बिजागर कोरडं आहे. हे गृहस्थ लढाईत पळणार कसे?" लोकांना वेड लागलं. चार-पाच हजार माणसं बघायला लागली. पण तीन वर्षांत "हरकत नाही" मिळालं फक्त दोन मूर्तींना. एक त्यातला घोडा होता.

भाऊजींनी हे सगळं कशासाठी मांडलं, ते मला तेव्हाही कळत होतं. लेक काय करते ते त्यांना शिकायचं होतं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, आणि माझी छाती काही लहान नाही.

मागच्या महिन्यात ठकीचा मला फोन आला. ताईला नाही, मला. "मावशी, शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. आईला तर मुळीच नाही."

"बरं, घेतली. बोल."

"धूमकाल येतोय."

"कुठून?"

मग तिने समजावलं. एक अंतराळातली मालिका आहे, तिच्यात सेनापती धूमकाल म्हणून एक दुष्ट आहे. तो एकामागून एक तारे विझवत फिरतो. आजवर तो कायम सिंहासनावर बसलेलाच दिसलाय. पुढच्या पर्वात पहिल्यांदा उठून चालणार आहे. त्याची मोठी मूर्ती कंपनीने काढली, आणि ती घडवायचं काम पहिल्यांदा पूर्णपणे ठकीवर सोपवलं. जुन्या लढाईत त्याचा पाय जायबंदी झालाय एवढंच ठरलेलं. तो उभा कसा राहतो, पाऊल कसं टाकतो, हे तिने ठरवायचं. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नसतं. रविवारी ती मूर्ती बाबांच्या टेबलावर येणार होती.

"त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली. "कळलं तर ते एक तर मुद्दाम चुका काढतील, नाहीतर मुद्दाम गप्प बसतील. मला खरं ऐकायचंय. मावशी, ते नुसतं 'हरकत नाही' म्हणाले ना, तरी मी सुट्टी काढून घरी येते. आणि नापास म्हणाले, तर मला पुन्हा कधी ये म्हणू नकोस. मी समजून जाईन."

मी म्हटलं, "अगं, तो माणूस घोड्याला पास करतो, माणसांना नाही!" पण शपथ घेऊन बसले होते. आठ दिवस मूग गिळून वावरले. मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसात दोन दाखल्यांवर चुकीची तारीख घातली.

रविवार उजाडला. मी दहा वाजताच वर जाऊन मागच्या खोलीत खुर्ची अडवली. भाऊजी म्हणाले, "काय मेहुणीबाई, आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"घरी पाणी नाही," मी म्हटलं.

"मग इथे बसून येणार आहे का?"

ताई पार्टिशनपलीकडे स्वयंपाकात. तिला या बाहुल्यांचा कंटाळा. दर रविवारी ती दार लोटून आपली कामं करते. खोकेवाल्याने तिवई लावली, टेबलावर खोकं ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून उभा राहिला. "पायवाले, आज एकदा विचार करा. बाहेरून बोललात तर? खोकं किती देखणं आहे!"

भाऊजींनी त्याचे हात बाजूला केले आणि प्लास्टर कापायच्या सुरीने खोकं उघडलं. खोकेवाल्याने डोळे मिटून घेतले.

धूमकाल बाहेर आला आणि मी पाहतच राहिले. कोपरापासून बोटांपर्यंत उंची. तांब्याच्या रंगाचं चिलखत, त्यावर जुनाट ओरखडे, खांद्यावरून काळा झगा. शिरस्त्राणाच्या आत थकलेला, हट्टी चेहरा. पायात खऱ्या धातूचे जड बूट. माझ्या ठकीने केलं हे! मला ओरडावंसं वाटत होतं. मी पदर तोंडात धरून बसले.

भाऊजींनी सुरुवात केली. झग्याची शिवण बघितली. "टाके बारीक आहेत." रंग बघितला, भिंग लावून. "बोटांच्या पेरांनाही झिजलेला रंग दिलाय. हा बराच काळ काठी धरत असणार." गुडघा वाकवला, एकदा, दोनदा, डोळे बारीक केले, पुन्हा वाकवला. "गुडघा..." म्हणाले आणि थांबले. मी खुर्चीच्या टोकावर आले. "गुडघा ज्याने केलाय त्याला गुडघा माहीत आहे."

खोकेवाला उडालाच. लोक भराभर लिहायला लागले, तो मोबाइलवरून वाचून दाखवत होता. "एक जण म्हणतोय, पायवाले आजारी आहेत का?"

"आता चाल," भाऊजी म्हणाले.

ही त्यांची शेवटची परीक्षा. दोन बोटांनी मूर्तीची कंबर धरायची, उचलायची नाही, फक्त पुढे न्यायची. पाय आपोआप पडतात. डोळे मिटून त्यांनी धूमकालाला टेबलावर चालवलं. जड बूट लाकडावर वाजले. टक्, मग जरा थांबून, टुक. टक्... टुक. टक्... टुक.

पार्टिशनपलीकडून ताई ओरडली, "अहो, बाहेर निघालात का? येताना साबण आणा!"

"मी इथेच बसलोय!" भाऊजी खेकसले. "काम चाललंय!" आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा. डावा पाय तोकडा आहे. ही कारखान्यातली चूक आहे. मापच घेतलेलं नाही."

खोकेवाला म्हणाला, "अहो, चूक नाही! तो जखमी आहे, लढाईत पाय जायबंदी झालाय त्याचा."

"जखमी आहे, कबूल. म्हणून त्याला तोकडा पाय द्यायचा? जखमी माणसाला तर जास्त नीट पाय द्यायला हवा. असा चालला तर वर्षभरात कंबर धरेल त्याची."

"पण तो दुष्ट आहे!"

"दुष्टाला पाठदुखी नसते का?" भाऊजी चिडले. "माझ्याकडे काय फक्त सज्जनच यायचे? ही मूर्ती नापास."

झालं. तो शब्द उच्चारला गेला. पाच हजार माणसांनी ऐकला आणि दूरच्या शहरात एका खोलीत माझ्या भाचीनेही ऐकला. मला इतकं रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मनात म्हटलं, जळो ती शपथ, आता बोलते. मी उठले देखील. पण भाऊजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चामड्याचा एक तुकडा घेतला, बुटाच्या मापाचा कापला, कडा कानशीने घासली आणि धूमकालाच्या डाव्या तळव्याला चिकटवला. खोकेवाला मटकन खाली बसला. नव्या कोऱ्या मूर्तीला डिंक!

"आता बघा," भाऊजी म्हणाले. डोळे मिटले, कंबर धरली, चालवलं. टक्, टक्, टक्, टक्. अगदी घड्याळासारखं.

ताई पलीकडून म्हणाली, "कोण आलंय हो?"

ताईने दार ढकलून डोकं आत घातलं, हात ओले. "कोण आलंय? कुणाचं तरी पाऊल वाजलं." आम्हां तिघांकडे पाहून म्हणाली, "कुणी परकं नाही? मग मला भास झाला," आणि पुन्हा आत गेली.

भाऊजी मूर्ती हातात धरून बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी हळूच नखाने तो चामड्याचा तुकडा सोलून काढला. धूमकालाला पुन्हा टेबलाच्या त्या टोकाला नेलं. या वेळी डोळे उघडे होते.

टक्... टुक. टक्... टुक.

"अहो, जायचं तर एकदाचे जा ना!" ताई आतून कावली. "सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या!"

भाऊजींचा हात तिथेच थांबला.

जगाच्या पावलांची नाडी ओळखणारा माणूस. पस्तीस वर्षं पार्टिशनला कान लावून बसला. पण स्वतःचं पाऊल पार्टिशनपलीकडून कसं वाजतं, ते त्याला कोण ऐकवणार? ज्याने चालायचं, तोच पलीकडे बसून ऐकणार कसा? काखेत कळसा नि गावाला वळसा. चाळीस वर्षं ताई ते पाऊल ऐकून ताट वाढते आहे. मी पहिल्या मजल्यावर ते ऐकून म्हणते, "आले वाटतं भाऊजी." आणि ठकी लहानपणी ते ऐकलं की खेळ टाकून दाराशी धावायची. मीसुद्धा समोर बसून दोनदा ऐकलं आणि मला ओळखू आलं नाही. ओळखलं ते स्वयंपाकघरातल्या ताईने.

"मेहुणीबाई," भाऊजी मान वर न करता म्हणाले. "हा ठकीने केलाय ना?"

"मी काही बोलणार नाही. मला शपथ आहे."

"म्हणजे हो."

खोकेवाला गोंधळून गेला. "ठकी कोण? सगळे विचारतायत, ठकी कोण?"

भाऊजींनी चष्मा नाकावर घेतला आणि मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेलं, पलीकडचं माणूस बहिरं असावं तसं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते थेट बोलले. "ठके. माप कधी घेतलंस?"

खोकेवाला मोबाइलकडे डोळे लावून बसला. मग म्हणाला, "एकीने लिहिलंय... वाचू का? 'रोज संध्याकाळी सहा वाजता. जिन्यावर.'"

भाऊजी मोबाइलकडे बघत म्हणाले, "आणि खलनायकच केलंस होय मला?"

खोकेवाला वाचायला लागला, "'नायकाने तीन वर्षांत एक तरी फोन केला असता.'" वाचून स्वतःच दचकला. "हे मी नाही म्हणत हं पायवाले, इथे लिहिलंय! पुढेही आहे. 'शिवाय दिवे विझवत कोण फिरतं?'"

ताई केव्हा येऊन दारात उभी राहिली होती, कुणास ठाऊक. ती असं काही हसायला लागली की हातातला झारा खाली पडला. हसता हसता टेबलाशी आली, धूमकालाला उचलून त्याच्या शिरस्त्राणात डोकावली. "अगं बाई! रुसल्यावर अस्संच करतात तोंड!" मीही हसत होते आणि माझे डोळे वाहत होते, मला काही म्हणून आवरत नव्हतं.

भाऊजींनी मूर्ती ताईच्या हातातून घेतली. त्या डाव्या तळव्याला लागलेला डिंक अंगठ्याने पुसला, नीट, सगळा निघेपर्यंत. मग ती कॅमेऱ्यासमोर उभी केली. जरा डावीकडे कललेली, पण भक्कम.

"मी मघाशी नापास म्हणालो. ती माझी चूक," ते म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी हा घेतलाय त्यांनी पायाला काही करायचं नाही. डावा पाय तोकडाच आहे. तो तसाच असतो."

"मग निकाल काय लिहू?" खोकेवाल्याने विचारलं. "हरकत नाही?"

"नाही," भाऊजी म्हणाले. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत होते. जिभेला सवय नव्हती ना. "लिहा, फार सुंदर झालाय. मला नसता जमला."

मोबाइलवर शब्दांचा पाऊस पडत होता, पण ठकीकडून काही येईना. खोकेवाला वर-खाली शोधत होता. इतक्यात माझ्या मांडीवरचा फोन वाजला. मी उचलला, तर पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मी फोन भाऊजींच्या हातात दिला.

ते तो घेऊन पुढच्या खोलीत गेले. टक्... टुक. आम्ही तिघांनी लाज न बाळगता पार्टिशनला कान लावले. मग भाऊजींचा आवाज आला, "ठके, घोट्याचा कोन दीड अंशाने जास्त आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "माझाही आहे? बरं. मग बरोबर आहे." आणि मग एकदम हळू, "कधी येतेस?"

ठकी पुढच्याच आठवड्यात आली. येणार संध्याकाळी सहाला, पण भाऊजी चारपासून मागच्या खोलीत डोळे मिटून बसले होते. टेबलावर धूमकाल. मी आणि ताई स्वयंपाकघरात. पावणेसहाला भाऊजी ताडकन उठले. आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. ते आधी मागच्या खोलीतला दिवा लावून आले, मग स्वयंपाकघरातला, मग पुढच्या खोलीतले दोन्ही, मग न्हाणीघरातला, मग दार उघडून बाहेर जिन्यातला.

"अहो, अजून लख्ख उजेड आहे बाहेर!" ताई म्हणाली.

"असू दे," भाऊजी कठड्यावरून खाली वाकून बघत म्हणाले. "पोरगी जिना चढतेय."